सहा बछेरे, दोन ठाणं: सारंगखेड्याच्या यात्रेआधीची निवड

शहादा तालुक्यात तापीकाठच्या एका पागेतलं हे प्रकरण. कार्तिक महिना, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा महिन्यावर आलेली, आणि पागेत सहा नर बछेरे एकाच वेळी वयात आलेले. पैदाशीसाठी त्यातले दोनच ठेवता येणार होते. बाकी चौघांचं काय, हेही लगेच ठरवावं लागणार होतं, कारण यात्रेत विकायचा घोडा आणि घरी खच्ची करायचा घोडा यांची तयारी वेगवेगळी असते.

पागेत 14 घोड्या. बहुतेक मारवाडी, तिघींत काठियावाडी रक्त. पैदाशीचा नर एकच, 14 वर्षांचा सब्जा, म्हणजे वयाबरोबर पांढरा होत जाणाऱ्या करड्या रंगाचा. घोड्यांपैकी सहा जणी याच सब्ज्याच्या मुली आहेत, आणि हा आकडा या प्रकरणात बछेऱ्यांच्या उंचीपेक्षाही महत्त्वाचा ठरला.

जागा दोनच का? 14 घोड्यांना तब्येतीचा एक प्रौढ नर सहज पुरतो. दुसरा लागतो तो रक्त बदलण्यासाठी आणि पहिल्याला काही झालं तर हाताशी असावा म्हणून. जुना सब्जा सोडून आणखी तिसरा म्हणजे नुसता खर्च. दोन वर्षांवरच्या प्रत्येक नराला किमान 12 बाय 12 फुटांचं स्वतंत्र ठाण, सहा फूट उंच आणि भक्कम कुंपणाचा मोकळा वाडा आणि रोज हात लावणारा एक ठरलेला माणूस लागतो. 350 किलोचा घोडा दिवसाला सात ते साडेआठ किलो कोरडा चारा-दाणा खातो. हे सगळं सहा नरांना पुरवायला गेलं की कोणालाच पुरत नाही. मग ते दिवसभर अगाडी-पिछाडीत, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधलेले राहतात, चावरे होतात, आणि पुढे तोच त्यांचा स्वभाव म्हणून यात्रेत बोलला जातो.

आधी घोड्या

बहुतेक ठिकाणी निवड बछेऱ्यांपासून सुरू होते. सहा जण ओळीने उभे करायचे आणि नजरेत भरेल तो ठेवायचा. या पागेत पहिले दोन दिवस बछेऱ्यांकडे पाहिलंच नाही. आधी चौदा घोड्यांची नोंद केली: उंची, पाय, खूर, तोंड, चाल, किती वेळा भरवली (नराला लावली), किती शिंगरं जगली, सध्या कोणाकडून गाभण.

त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या. सरासरी उंची 59 इंचांच्या आसपास, म्हणजे बाजार मागतो त्यापेक्षा कमी. आठ घोड्यांच्या मागच्या पायांचे मधले सांधे, ज्यांना पशुवैद्य हॉक म्हणतात, मागून पाहिल्यावर आत वळलेले. आणि पाच जणींचे पुढचे खूर अरुंद, टाचेकडे दबलेले. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात असे खूर लवकर सडतात. जमेची बाजूही होती. डोकं, मान, कान जवळजवळ सगळ्यांचे देखणे, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. स्वभाव शांत.

म्हणजे हवा होता तो सरळ मागच्या पायांचा, रुंद खुरांचा, 62 इंचांच्या पुढे जाणारा आणि सब्ज्याशी नातं नसलेला नर. डोकं साधं असलं तरी चालणार होतं, कारण देखणं डोकं घोड्यांकडून येणार होतं.

इथे एक चूक फार होते. आत वळलेल्या पायांच्या घोडीला बाहेर वळलेल्या पायांचा नर लावला की शिंगरू सरळ येईल, असं धरून चालतात. तसं होत नाही. काही शिंगरं आत वळलेली येतात, काही बाहेर वळलेली, आणि पुढच्या पिढीत दोन्ही दोष फिरत राहतात. वाकड्या पायाला सरळच पाय लावावा लागतो.

नात्याचा हिशेब

सब्ज्याचा मुलगा सब्ज्याच्याच मुलीला लावला तर ती सावत्र भावंडं होतात, आणि होणाऱ्या शिंगराचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आई-बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक येण्याची शक्यता, 12.5 टक्के येतो. बाप-लेकीच्या जोडीत तो 25 टक्के, सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या जोडीत 6.25 टक्के. 12.5 टक्क्यांवर लगेच काही बिघडलेलं दिसत नाही. म्हणूनच फसगत होते. गर्भ न टिकणं, शिंगरं अशक्त येणं, लपलेले दोष वर येणं हे हळूहळू वाढतं, आणि दहा वर्षांनी पागेत बाहेरच्या नराशिवाय पर्याय उरत नाही.

सहा बछेऱ्यांपैकी चार सब्ज्याचे मुलगे. उरलेले दोन यात्रेत विकत घेतलेल्या गाभण घोड्यांच्या पोटी आले, दोघांचे बाप वेगळे आणि दोघेही पागेच्या नात्यातले नाहीत. नुसत्या या हिशेबाने अर्धा निर्णय झाला होता. तरीही सहाही जणांची पूर्ण तपासणी केली. बिननात्याचा असणं हा गुण नाही, ती फक्त अट आहे.

मोजमाप कसं घेतलं

उंची मोजायला सपाट सिमेंटची जागा, ताठ काठी आणि तिला काटकोनात सरकणारी आडवी पट्टी. नालबंदाकडून खूर आधी साळून घेतले, नाल काढले. मान ना वर ना खाली, चारही पाय सरळ खाली. खांद्यामागच्या उंचवट्याच्या सर्वोच्च बिंदूवर तीनदा मोजून मधला आकडा धरला. यात्रेत बरेचदा कापडी टेप खांद्याच्या गोलाईवरून सोडून मोजतात, त्यात इंच-दोन इंच आपोआप वाढतात. पुढचे पाय थोडे उंचावर ठेवूनही उभा करतात. खरेदीला जाताना आपली काठी सोबत नेलेली बरी.

वयाचा फरक काढायला ढोबळ हिशेब असा: हलक्या जातीचं शिंगरू सहा महिन्यांत पूर्ण उंचीच्या सुमारे 84 टक्के, वर्षात 91 टक्के आणि दीड वर्षात 95 टक्के होतं. दोन वर्षांनंतर साधारण एक-दीड इंचच वाढ उरते. म्हणून 19 महिन्यांचा 59 इंची बछेरा आणि 30 महिन्यांचा 61 इंची बछेरा शेजारी उभे करून मोठा कोण ते ठरवता येत नाही.

वय तोंडी सांगण्यावर सोडलं नाही. मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, पुढची जोडी साडेतीनला, कडेची साडेचारला. सांगितलेलं वय दातांशी जुळलं नाही तर उंचीचा सगळा अंदाज चुकतो.

तोंड तपासताना ओठ उचलून वरचे आणि खालचे समोरचे दात एकमेकांवर बसतात का ते पाहायचं. घोड्याचं डोकं नेहमीच्या उंचीवर हवं. मान खाली घातली की खालचा जबडा थोडा पुढे सरकतो आणि पोपटतोंडाचा दोष झाकला जातो. बाजारात कोणी चारा पुढे टाकून तोंड दाखवत असेल तर डोकं वर करायला सांगावं.

पाय तीन बाजूंनी पाहिले. समोरून, खांद्याच्या टोकापासून सोडलेली ओळंब्याची दोरी गुडघ्याच्या आणि खुराच्या मधून जायला हवी. मागून, ढुंगणाच्या हाडाच्या टोकापासून सोडलेली दोरी हॉकच्या आणि खुराच्या मधून. बाजूने पाहताना हॉक फार वाकलेला किंवा फार ताठ नको. मग सरळ चालवणं, दुडकी, आणि शेवटी रेवाल, म्हणजे या घोड्यांची स्वाराला हिसके न देणारी जलद चाल. हे सगळं अनवाणी, एकदा डांबरी रस्त्यावर, एकदा नदीच्या वाळूत. मऊ जमिनीवर लंगडेपणा बरेचदा लपतो, कडक जमिनीवर दिसतो.

वृषण पशुवैद्याने हाताने तपासले. दोन्ही खाली उतरलेले, घट्ट, सारख्या आकाराचे आणि पिशवीत मोकळे फिरणारे हवेत. दोन वर्षांवरच्या नरात पिशवीची एकूण रुंदी किमान 8 सेंटिमीटर असावी, हा पशुवैद्यकातला प्रचलित निकष. त्याहून लहान असेल तर शुक्राणूंचं रोजचं उत्पादन कमीच राहतं, आणि खुराक वाढवून ते भरून निघत नाही.

स्वभावासाठी वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळ्या माणसांकडून खरारा, पाय उचलणं, दोरीवर चालवणं आणि कुंपणापलीकडे माजावर आलेली घोडी. नर ओरडणारच, पुढे ओढणारच. पाहायचं इतकंच की लक्ष परत बोलावल्यावर येतो का. ढोल-ताशाही वाजवून पाहिला, कारण खानदेशात निम्मी गिऱ्हाइकं वरातीसाठी घोडा घेतात.

सहा जण

पहिला सब्जा, बापाच्याच रंगाचा, 30 महिन्यांचा, मधले दात नुकते फुटलेले, उंची आताच 63 इंच. मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानली जाणारी केसांची भोवरी. यात्रेआधीच त्याला मागणी आलेली आणि घरातल्या आप्पांचं एकच म्हणणं: "हाऊ घोडा इकू नका." दिसायला सहांत खरोखर सर्वांत भारी. पण उजवा वृषण पिशवीत नव्हता, जांघेतही हाताला लागला नाही. सोनोग्राफीत तो पोटात असल्याचं दिसलं.

यावर गावागावांत एकच उत्तर मिळतं: "तिसऱ्या वर्षी उतरेल." जांघेत अडकलेला वृषण क्वचित उशिरा उतरतोही. पोटात राहिलेला उतरत नाही. पोटातल्या उष्णतेत तो शुक्राणू तयार करत नाही, पण नराचं संप्रेरक मात्र तयार करत राहतो. असा घोडा एका वृषणावर घोड्या गाभण ठेवू शकतो, आणि धोका तिथेच आहे. हा दोष वंशात चालतो असं मानलं जातं, म्हणून असा नर पैदाशीला ठेवायचा नाही हा जगभरचा संकेत आहे. त्यात हा सब्ज्याचा मुलगा, म्हणजे सहा घोड्यांना तसाही लावता येणार नव्हता. उंची 63 असो की 65, तो बाद.

रंगाबद्दल थोडं. सब्जा रंग एका प्रबळ जनुकाने येतो. घोडा गडद जन्मतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. सगळ्या जातींच्या सब्ज्यांत एकच जनुकीय बदल आहे हे 2008 मध्ये दाखवलं गेलं. त्याच बदलामुळे म्हातारपणी त्वचेवर काळ्या गाठी येतात. 15 वर्षांवरच्या बहुतांश सब्ज्यांत त्या सापडतात. या पागेतल्या जुन्या सब्ज्याच्या शेपटीखाली अशा दोन गाठी होत्याच. सब्जा आणि नुकरा यांची गल्लत करू नये. नुकरा जन्मतःच पांढरा आणि गुलाबी कातडीचा असतो, सब्ज्याची कातडी काळी असते.

दुसरा मुश्की (काळा), 29 महिन्यांचा, 61 इंच, सब्ज्याचाच, पण पागेतल्या सर्वांत चांगल्या घोडीच्या पोटचा. पाय सरळ, रेवाल स्वच्छ. डाव्या हॉकवर मऊ सूज. हा दोष वंशाचा की कामाचा? त्याला दीड वर्षाचा असल्यापासून नाचाची तालीम होती, मागच्या पायांवर उभं राहण्यासकट. त्या वयात हाडांच्या टोकांची वाढ चालू असते आणि सगळा भार हॉकवर येतो. एक्स-रेमध्ये हाडाचा तुकडा सुटलेला किंवा कूर्चा बिघडलेली दिसली नाही. आई 12 वर्षांची, तिचे हॉक अजून कोरडे. म्हणून सूज कामाची धरली, तालीम थांबवली. बछेरा चांगला आहे, फक्त या पागेचा नाही. सब्ज्याच्या मुली नसलेल्या पागेत तो उत्तम नर ठरू शकतो.

तिसरा कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ), 28 महिन्यांचा, 61 इंच, राजस्थानकडून आलेल्या घोडीचा. डोकं जड, कान आखूड, मान थोडी खालून निघालेली. डाव्या डोळ्याखाली भोवरी, जिला आसूढाळ म्हणतात आणि गिऱ्हाईक टाळतं. पण मागचे पाय ओळंब्यात, खूर रुंद, कडक, काळे. वृषण दोन्ही, रुंदी साडेनऊ सेंटिमीटर. तोंड नीट. आई सलग गाभण राहणारी.

चौथा अबलख (अंगावर पांढरे मोठे डाग), 23 महिन्यांचा, वयाच्या मानाने सर्वांत उंच. पोपटतोंड. वरचे दात खालच्यांच्या इतके पुढे की समोरचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. नोंदवही चाळली तर त्याची आई सब्ज्याचीच मुलगी निघाली, म्हणजे बाप-लेकीच्या जोडीतला हा बछेरा. तोंडाचा दोष त्यामुळेच आला असं एका जनावरावरून सिद्ध होत नाही. पण पैदाशीला ठेवायला दोनपैकी एक कारणही पुरे होतं.

पाचवा पंचकल्याण कुमैत, 19 महिन्यांचा, 59 इंच, गुजरातकडून आणलेल्या घोडीचा. चार पाय पांढरे, कपाळावर पट्टा, कान सुरेख, मान उंच. अजून अर्धवट वाढलेला. मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच, म्हणजे वाढ बाकी. दीड वर्षाच्या हिशेबाने अंदाजे 62 इंचांवर थांबेल. पाय ठीक, डावा पुढचा खूर किंचित बाहेर. वृषण दोन्ही उतरलेले, पण लहान. या वयात ते लहान असणारच.

सहावा सुरंग (तांबूस), 18 महिन्यांचा. स्वतःत नाव ठेवायला जागा नव्हती, पण आईची नोंद वाईट. पाच वर्षांत दोनदाच व्याली, दोन्ही वेळा दूध कमी. घोडीचा गर्भकाळ सुमारे 340 दिवसांचा, म्हणून दरवर्षी शिंगरू हवं तर व्याल्यावर महिनाभरात ती पुन्हा गाभण राहावी लागते. हे न जमणाऱ्या घोडीचा मुलगा नर म्हणून ठेवला तर तो कमकुवतपणा त्याच्या मुलींत उतरण्याचा धोका असतो, आणि तो कळेपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात.

निवड

तिसरा कुमैत ठेवला. डोकं आणि कान यांत तो कमी आहे हे खरं, पण घोड्यांना जे हवं होतं ते सगळं त्याच्याकडे आहे आणि जे त्याच्याकडे नाही ते घोड्यांकडे आहे. डोळ्याखालच्या भोवरीमुळे बाहेरच्या घोड्या त्याच्याकडे कमी येतील, तो तोटा मान्य केला. भोवरीचा चालण्याशी, प्रजननक्षमतेशी किंवा स्वभावाशी संबंध नाही. संबंध आहे तो किमतीशी. म्हणून हिशेबात ती किमतीच्या खान्यात लिहिली, दोषांच्या खान्यात नाही.

दुसऱ्या ठाणावर पाचवा पंचकल्याण, पण राखीव म्हणून. त्याचा शेवटचा निर्णय अडीच वर्षांचा होईपर्यंत पुढे ढकलला. मधले दात आल्यावर पुन्हा तीच तपासणी करायची. पिशवीची रुंदी 8 सेंटिमीटर नाही झाली किंवा डावा खूर आणखी बाहेर गेला तर तोही खच्ची.

मुश्की यात्रेत नर म्हणूनच विकायचा, आणि घेणाऱ्याला सब्ज्याचं नाव लेखी द्यायचं. अबलख आणि सुरंग घरी खच्ची करून स्वारीसाठी तयार करायचे. चांगल्या आख्त्याला, म्हणजे खच्ची केलेल्या घोड्याला, वरातीसाठी आणि शिकाऊ स्वारांसाठी कायम गिऱ्हाईक असतं.

पहिल्या, सब्ज्या बछेऱ्याचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण यात्रेत सर्वांत मोठी किंमत त्यालाच आली असती. दोष सांगून विकला तरी घेणारा पैदाशीला लावणार नाही याची खात्री नाही. म्हणून विक्रीआधी शस्त्रक्रिया ठरली. पोटातला वृषण काढायला बहुधा पूर्ण भूल आणि सुसज्ज जागा लागते, मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी. गोठ्यात करायचं हे काम नाही. बाहेरचा वृषण तेवढा काढून आत राहिलेला तसाच सोडण्याचा प्रकार कुठे कुठे चालतो. असा घोडा आख्ता दिसतो, वागतो मात्र नरासारखा, आणि स्वार जखमी होतात. काढायचे तर दोन्ही.

खच्चीकरण

खानदेशात याला मार्गशीर्ष ते माघ हा काळ चांगला. हवा कोरडी आणि थंड, माश्या कमी. चैत्रात पारा 40 च्या पुढे गेला की जखम उशिरा भरते, आणि पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात.

धनुर्वाताची लस आधी देऊन ठेवायची. घोडा धनुर्वाताला फार नाजूक. लस नसेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रतिविषाचं इंजेक्शन द्यायचं. पहिले 24 तास स्वच्छ, कोरड्या जागी विश्रांती, दुसऱ्या दिवसापासून रोज दोनदा 20 ते 30 मिनिटं चालवणं. चालवलं नाही तर पाणी साठतं आणि सूज वाढते. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, त्यानंतर उतरली पाहिजे. थेंब-थेंब रक्त चालतं. सलग धार लागली, जखमेतून आतड्यासारखं काही लोंबलं किंवा ताप आला तर त्याच तासाला डॉक्टर. आतडं दिसलं तर ओल्या स्वच्छ कापडाने वर धरून ठेवायचं, घोड्याला चालू द्यायचं नाही.

खच्ची झाल्यावरही महिना-दीड महिना घोड्यांपासून दूर ठेवायचं, कारण नलिकांमध्ये शुक्राणू उरलेले असतात. आणि मुळात बछेरे वर्षाचे झाले की घोडींपासून आणि बछेरींपासून वेगळे हवेत. काही बछेरे 12 ते 15 महिन्यांत घोडी गाभण ठेवू शकतात. या पागेत सुरंग आणि पंचकल्याण 16 महिन्यांचे होईपर्यंत कळपात मोकळे होते. म्हणून उन्हाळ्यानंतर गाभण ठरलेल्या प्रत्येक घोडीच्या नोंदीत बापाच्या रकान्यात सब्ज्याचं नाव तसंच ठेवलं नाही, "अनिश्चित" लिहिलं. चुकीचं नाव वंशावळीत घुसलं की नात्याचा वरचा सगळा हिशेब निरुपयोगी होतो.

खुराक आणि यात्रा

ठेवलेल्या दोघांना दादर ज्वारीचा कडबा, लसूणघास आणि भिजवलेले हरभरे-ओट, दाणा एका वेळी दोन किलोच्या आत. सरकी आणि सरकीची पेंड बंद. हा कापसाचा मुलूख, सरकी घरचीच असते आणि म्हशींसोबत घोड्यांनाही जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याने बैलवर्गातल्या वळूंचे शुक्राणू बिघडतात, मग पैदाशीच्या घोड्यावर हा धोका कशाला घ्यायचा? बुरशी लागलेला मका याहून वाईट. त्यातल्या विषाने घोड्याचा मेंदू सडतो आणि उपचार नाही. कोंबड्यांचं किंवा गाई-म्हशींचं तयार खाद्यही नको, काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं आणि त्याची थोडी मात्राही घोड्याला मारते.

यात्रेसाठी मुश्कीला तूप-गूळ-दाणा घालून फुगवलं नाही. वाढत्या बछेऱ्याला महिनाभरात भरीव वजन चढवलं की सांधे बिघडतात, आणि त्याच्या हॉकवर आधीच सूज होती.

निघण्याआधी ग्लँडर्स आणि सांसर्गिक रक्तक्षय यांची रक्ततपासणी. ग्लँडर्स हा जिवाणूंचा रोग माणसालाही होतो, 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे आणि बाधित जनावर ठेवता येत नाही. देशात हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र याच्या तपासणीचं मुख्य ठिकाण. यात्रेतून परतलेलं कोणतंही जनावर, विकलं न गेलेलंसुद्धा, 21 दिवस वेगळं: वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि मोतद्दार (घोडे सांभाळणारा) त्याच्याकडे सर्वांत शेवटी जाणार. स्ट्रँगल्सची, म्हणजे जबड्याखालच्या गाठी पिकवणाऱ्या संसर्गाची लक्षणं दिसायला दोन आठवडे लागू शकतात, म्हणून चार दिवस ठणठणीत दिसला म्हणजे सुटला असं नाही.

कुमैतचा पहिला हंगाम

माघानंतर कुमैत अडीच वर्षांच्या पुढे जाईल. भरवण्याआधी शुक्राणूंची तपासणी: तासाभराच्या अंतराने दोनदा नमुना, आणि दुसऱ्या नमुन्यात सरळ पोहणारे व आकाराने नीट असे किमान 1 अब्ज शुक्राणू. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 57 दिवस लागतात. पावसाळ्यानंतर माश्यांमुळे सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) होऊन ताप आला असेल तर दोन महिने थांबून मगच नमुना घ्यायचा, नाहीतर चांगला नर नापास होतो.

पहिल्या वर्षी आठच घोड्या. सब्ज्याच्या सहा मुली, आणि उरलेल्यांतल्या सर्वांत आत वळलेल्या हॉकच्या दोघी. दिवसातून एकदाच, आठवड्यात चारपेक्षा जास्त नाही. घोडीचं चक्र 21 दिवसांचं, माज पाच ते सात दिवसांचा, आणि बीज सुटतं ते माज संपण्याच्या 24 ते 48 तास आधी. म्हणून तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड भरवायचं. पहिल्या घोड्या शांत, व्यालेल्या आणि अनुभवी निवडल्या. पहिल्याच वेळी लाथ बसलेला तरुण नर पुढे महिनोन्महिने घाबरतो. गाभण तपासणी 14 ते 16 दिवसांनी सोनोग्राफीने, कारण जुळी असतील तर तेव्हाच काही करता येतं. घोडीला जुळी पेलत नाहीत, बहुधा दोन्ही जातात.

उरलेल्या सहा घोड्या जुन्या सब्ज्याकडेच ठेवल्या.

कुमैतच्या शिंगरांची नोंद जन्मानंतर, महिन्याने आणि सहा महिन्यांनी: उंची, तोंड, चारही पायांचे फोटो समोरून, बाजूने आणि मागून, नर असेल तर वृषण. जन्मतः थोडे वाकडे पाय बरेचदा आपोआप सुधारतात, म्हणून पहिल्या आठवड्याच्या फोटोवर निकाल नाही. सहा महिन्यांना आठांपैकी तिघांचे हॉक आईसारखेच आत असले, तर कुमैतला त्यापुढच्या हंगामात फक्त सब्ज्याच्या मुली. एकाही शिंगराला पोपटतोंड किंवा न उतरलेला वृषण दिसला, तर त्या शिंगराच्या आईबापांची जोडी पुन्हा लावायची नाही. दोन वेगवेगळ्या घोडींच्या शिंगरांत तसं झालं तर कुमैत खच्ची, आणि त्याच्या ठाणावर पंचकल्याण.